चौदा हजार दोनशे सहा घरांची अब्रू

राष्ट्राला आपल्या नागरिकांची आठवण ठरावीक मुदतीने होत असते, आणि ती झाली की ते सगळ्यांना त्रास देत नाही. त्यांच्यातून एखादे घर निवडून त्यालाच पत्र पाठवते. असे एक पत्र तिसऱ्या मजल्यावरच्या रफूवालीच्या दारात पडले, तेव्हा ती खिडकीशी बसून एका लोकरी कोटाच्या कोपराशी झुंजत होती. कोट ड्रायक्लीनरकडून आला होता. तिने त्याच्या आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे दोरे उपसून घेतले होते आणि आता एक उभा, एक आडवा असे ते भोकावर विणत होती. या धंद्याची गोम अशी की काम उत्तम उतरले तर ते केल्याचा पुरावाच उरत नाही. वीस वर्षांत तिने शेकडो भोके नाहीशी केली होती; त्यांतले एकही तिला कोणाला दाखवता आले नसते.

पत्राचा कागद जाड होता आणि भाषा त्याहून जाड. ‘राष्ट्रीय कुटुंब सुस्थिती पाहणी’साठी आपल्या कुटुंबाची शास्त्रशुद्ध पद्धतीने निवड झाली असून आपण एकूण चौदा हजार दोनशे सहा समान कुटुंबांचे प्रतिनिधित्व कराल, आपले प्रत्येक उत्तर हे त्या सर्वांचे उत्तर मानले जाईल, आणि धोरणे त्यावरून ठरतील, असे त्यात लिहिले होते. खाली सहीच्या जागी सहीचे चित्र होते.

संध्याकाळी तिचा नवरा घरी आला. तो लिफ्ट दुरुस्त करणारा. दिवसभर चाळीस मजली इमारतींच्या लिफ्ट वरखाली करून तो आपल्या घरी तीन जिने चढून येई, कारण त्याच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. त्याने पत्र वाचून आपल्या आईच्या हातात दिले.

“चौदा हजार?” सासूबाई म्हणाल्या. “म्हणजे चौदा हजार सासवांच्या वतीनं मी एकटीनं बोलायचं?”

“तू एकटी पुरून उरशील,” मुलगा म्हणाला.

“बोल बाबा, बोल. पण त्या घरांतल्या सुना मात्र बऱ्या असतील.”

“त्यांच्या वतीनं मी बोलणार आहे, आई,” रफूवाली सुई न थांबवता म्हणाली. “तेव्हा जपून.”

हसण्यावारी नेलेली ही गोष्ट दुसऱ्या दिवसापासून हसण्यासारखी राहिली नाही. चौदा हजार दोनशे सहा हा आकडा घरात पाहुण्यासारखा येऊन बसला. नवरा दाढी करताना म्हणाला की आज चौदा हजार लोकांनी कानाखाली ब्लेड लावून घेतले. सासूबाईंना तर एका रात्रीत चौदा हजार घरांचे कर्तेपण आले. आपण घाणेरडे राहिलो तर चौदा हजार घरे घाणेरडी ठरणार, आपण रड काढली तर चौदा हजार घरे रडकी; तेव्हा पाहणीवाला माणूस येईल त्या दिवशी घर घरासारखे दिसले पाहिजे, असा त्यांनी हुकूम काढला. ज्या लोकांना उभ्या आयुष्यात कोणी काही विचारलेले नसते, त्यांना कोणी विचारले तर ते खरे सांगतील असे मानणारे शास्त्र निश्चितच फार मोठ्या विद्यापीठात तयार झालेले असावे.

त्या इमारतीची एक रीत होती. सगळ्यांकडे सगळे असणे शक्य नव्हते, म्हणून प्रत्येक घराकडे एखाददुसरी वस्तू चांगली होती, आणि ज्याच्याकडे पाहुणे त्याच्याकडे त्या दिवसापुरत्या सगळ्या चांगल्या वस्तू. समोरच्या काकूंचा चहाचा संच आजवर दोन साखरपुडे आणि एक कर्जमंजुरी पाहून आला होता. मागितले असे कोणी म्हणत नसे. “तुमच्या त्या संचाला जरा ऊन दाखवून आणते,” असे म्हणायचे, आणि समोरच्याने तो पुसून द्यायचा. परत करताना मात्र त्यात काहीतरी घालूनच परत करायचा. हा कायदा कोणत्याही राजपत्रात छापलेला नव्हता, त्यामुळे तो पाळला जाई.

पाहणीच्या सकाळी काकूंकडून चहाच्या संचासोबत मायक्रोवेव्हही आला. दुसऱ्या मजल्यावरून पाणी शुद्ध करण्याचे यंत्र आले. काकूंचे यजमान म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. ते स्वतः आपली व्यायामाची सायकल दोघांच्या मदतीने उचलून घेऊन आले. ती एका जागी उभी राहणारी सायकल त्यांनी निवृत्त झाल्यावर घेतली होती आणि तिच्यावर टॉवेल उत्तम वाळत.

“ही कशाला, काका?” रफूवाली म्हणाली.

“असू दे. सुस्थितीची पाहणी आहे ना? मग सुस्थिती दिसायला नको? मी सरकारी टपाल पोचवण्यात जन्म घालवलाय, पोरी. सरकारला काय आवडतं ते मला ठाऊक आहे.”

“आणि पाण्याच्या यंत्राचा पाइप? तो नळाला जोडलाच नाही,” नवरा म्हणाला.

“त्याला पाणी देऊच नका,” सासूबाई म्हणाल्या. “चहा द्या.”

एका गोष्टीविषयी मात्र कोणी काही बोलले नव्हते, आणि ती गोष्ट सासूबाईंच्या उजव्या पायाला, अंगठ्याच्या बुडाशी होती. साखरेच्या विकाराने तिथे पडलेली जखम आठ महिने झाले तरी भरत नव्हती. मागच्या गल्लीत सरकारी दवाखाना होता, त्यांच्या दारापासून मोजून एकशे साठ पावलांवर. दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी सासूबाई जिना उतरत, नर्सताईंकडून ड्रेसिंग करून घेत आणि विचारणाऱ्याला ‘फिरून आले’ म्हणून सांगत. विचारणारेही त्याच बाकावर बसून खोकत असत. पण दवाखान्यात भेटलेली माणसे जिन्यात भेटली की तिथे भेटल्याचा विषय कोणी काढत नसे. फुकटचे औषध हे गरिबाचे औषध, आणि त्या इमारतीत गरीब असे कोणी राहतच नव्हते. गरीब नेहमी पलीकडच्या इमारतीत राहत.

अकराच्या सुमारास पाहणीवाले आले. ते एका शाळेतले ड्रॉइंगचे सर निघाले. मुलांना चित्रकला नाही आली तरी चालते असा निष्कर्ष याआधीच्या एका पाहणीतून निघाल्याने त्यांना या पाहणीवर पाठवण्यात आले होते. त्यांच्या हातात टॅबलेट होता, त्यात दोनशे बारा प्रश्न होते, आणि माहिती देणारी व्यक्ती म्हणून रफूवालीचे नाव आधीच भरलेले होते.

“मायक्रोवेव्ह?”

“हा काय,” सासूबाई म्हणाल्या.

“आजी, उत्तर यांनी द्यायचं आहे.”

“आहे,” रफूवाली म्हणाली.

“पाणी शुद्ध करण्याचं यंत्र?”

“आहे.”

सरांनी यंत्राकडे पाहिले. ज्याने आयुष्यभर मुलांना बारकाईने बघायला शिकवले त्याला तो हवेत लोंबणारा पाइप न दिसणे अशक्यच होते. त्यांची नजर पाइपवरून सायकलीवर, सायकलीवरून काकूंच्या कपांवर गेली आणि क्षणभर रफूवालीच्या तोंडावर थांबली. पण टॅबलेटमध्ये ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढ्याच दोन चौकटी होत्या. ‘आहे, पण हवेत’ अशी तिसरी चौकट राष्ट्राने ठेवलेली नव्हती.

एकशे अठराव्या प्रश्नाला ते आले तेव्हा चहा निवला होता. “गेल्या सहा महिन्यांत कुटुंबातील कोणी सरकारी दवाखान्यात उपचार घेतले का?”

रफूवालीने या प्रश्नाला खरे बोलायचे आदल्या दिवशीच मनाशी ठरवले होते. तिने तोंडही उघडले. पण सासूबाईंनी पायावरची चादर सारखी केली आणि त्या आधी बोलल्या.

“छे हो. मागच्या गल्लीत आहे म्हणतात एक. आम्ही कधी त्याची पायरी चढलो नाही. देवदयेनं सगळं ठणठणीत.”

“आजी, यांनी सांगायचंय.” सर तिच्याकडे वळले. “घेतले का?”

चादरीखालून औषधाचा मंद वास येत होता. ‘हो’ म्हणायचे तर सासूला परक्या माणसासमोर खोटे पाडायचे, आणि परक्या माणसामागे चौदा हजार दोनशे सहा घरे उंबऱ्यात उभी होती. फाटके झाकण्याचा तिचा हात वीस वर्षांचा होता. तो आपोआप चालला.

“नाही,” ती म्हणाली.

“हा दवाखाना बंद झाल्यास आपल्या कुटुंबावर होणारा परिणाम. गंभीर, मध्यम की शून्य?”

“शून्य,” ती म्हणाली, आणि सरांनी पुढे केलेल्या काचेवर तिने बोटाने सही केली.

ते गेल्यावर सासूबाईंनी पाय चादरीबाहेर काढला. “बघितलंस? कसं झोकात झालं,” त्या म्हणाल्या. “चौदा हजार घरांची अब्रू राखली.” संध्याकाळपर्यंत वस्तू आपापल्या घरी गेल्या. सायकलीत काय घालून परत करावे हे न सुचल्याने तिने पोस्टमास्तरांना एक टॉवेल दिला.

चार महिन्यांनी पाहणीचा अहवाल आला. ज्यांनी तो वाचला नाही त्यांनी त्यावर टीव्हीवर चर्चा केली आणि ज्यांनी वाचला ते मंत्री झाले असावेत, कारण मंत्री आकडे बघून बोलत होते. शहरांच्या अशा भागांतली, अशा उत्पन्नाची, अशा वयाच्या इमारतींत राहणारी कुटुंबे कल्पनेपलीकडे सुस्थितीत असून सरकारी दवाखान्यांचा वापर त्यांच्यात मुळीच आढळत नाही, असे त्यांनी सांगितले. तेव्हा जिथे गरज नाही तिथली सेवा काढून जिथे गरज आहे तिथे नेण्याचे धोरण आखण्यात आले आहे. या धोरणाला ‘समन्याय’ असे नाव होते. नाव ठेवण्याचे खाते कुठलेही असो, तिथे फार सुशिक्षित माणसे असली पाहिजेत.

त्या सोमवारी दवाखान्याच्या दारावर कागद चिकटवलेला होता. महिनाअखेर बंद. बाकावर इमारतीतली नेहमीची मंडळी होती, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ती एकमेकांशी बोलत होती.

“कोण हे सुखी जीव, ज्यांना दवाखाना लागत नाही?” समोरच्या काकू म्हणाल्या. “मला एकदा भेटू दे.”

“शुद्ध थापा आहेत,” पोस्टमास्तरांनी वर्तमानपत्रावर हात आपटला. “हे ऐका. या गटातील शंभर टक्के घरांत व्यायामाचं साधन आहे म्हणे. शंभर टक्के. अरे, आख्ख्या गल्लीत सायकल कोणाकडे आहे? माझ्याकडे. तीही टॉवेल वाळत घालायला. ह्यांनी बघितली तरी कुठं—”

ते तिथेच थांबले. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, ती पुन्हा उलगडली, आणि मग रफूवालीकडे न बघता म्हणाले, “हवा बदललीय. खोकला वाढणार.”

काकूंनी आपला खोकलाही गिळला. प्रत्येकाची एकेक वस्तू त्या अहवालात होती.

नर्सताई मोकळी बोलणारी बाई होती. ड्रेसिंग झाल्यावर तिने सासूबाईंना बाहेर बसवले आणि रफूवालीला आत थांबवून घेतले.

“भरत आलीय जखम. वर्षभरात पहिल्यांदा कडा गुलाबी दिसतायत. पण आता खंड पडला ना वहिनी, पंधरा दिवस जरी पडला, तर आधी अंगठा जाईल आणि मग पाऊल. मोठ्या हॉस्पिटलात जायला दोन बस बदलाव्या लागतात, आणि ह्यांना या पायानं बसची पायरी चढवायची नाही.”

“घरी केलं तर? मी करते. माझा हात हलका आहे.”

“हात हलका आहे, पण मेलेली कातडी कुठवर कापायची ते कळतं का? लोकर नाहीये ती.”

दुसऱ्या दिवशी रफूवाली कोट बाजूला ठेवून पाहणीच्या कार्यालयात गेली. चार खिडक्यांनी तिला एकमेकींकडे पाठवले आणि शेवटी एका उपसंचालकांसमोर नेऊन बसवले. गृहस्थ अतिशय सौम्य. त्यांनी तिला पाणी दिले, आणि त्यांचे यंत्र नळाला जोडलेले होते.

“मी खोटं सांगितलं होतं,” ती म्हणाली. “दुरुस्त करायचंय.”

“बाई, लोक खोटं सांगतात हे आम्ही धरूनच चालतो. शेकडा दोन. ते आकड्यात आधीच वजा केलेलं असतं.”

“पण मी सगळंच खोटं सांगितलं.”

उपसंचालकांनी पडद्यावर तिचे घर उघडले आणि त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक उमटले. “खरं सांगू? फार सुसंगत माहिती आहे ही. कुठेही विरोध नाही. खरं बोलणाऱ्यांची इतकी सुसंगत नसते.” मग ते जरा खाकरले. “या गटात खरं तर तीन घरं निवडली होती. एकाला कुलूप होतं. एकानं दार उघडलं नाही. त्यामुळे त्यांचाही भार तुमच्यावरच टाकला. म्हणजे चौदा हजार नाही, बेचाळीस हजार सहाशे अठरा घरं.”

“सगळी माझ्यावर?”

“तुमच्या उत्तरांवर. ती आता बदलता येत नाहीत. मात्र धोरणावर हरकत घेता येते. येत्या शनिवारी तुमच्या भागातल्या शाळेत सुनावणी आहे. पुरावा घेऊन या. पण एक सांगतो, तुम्ही सही केली आहे. खोटी माहिती देणं हा दंडनीय अपराध आहे. आजवर कोणाला शिक्षा झालेली नाही, कारण कबूल करायला आजवर कोणी आलं नाही.”

पुरावा म्हणजे दवाखान्याचा केसपेपर. तो सासूबाईंच्या उशीखाली होता.

“तो कागद चारचौघांत काढलास तर याद राख,” सासूबाई म्हणाल्या. “चार महिन्यांपूर्वी ज्या तोंडानं ठणठणीत म्हटलं, त्याच तोंडानं आता सडलाय म्हणायचं? आख्ख्या इमारतीसमोर?”

“इमारतीला माहीत आहे, आई.”

“माहीत असणं वेगळं आणि सांगणं वेगळं. गेला पाय तर जाऊ दे. अब्रू गेली तर परत येते का?”

“पाय तरी कुठं येतो?”

सासूबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवले. त्या दोन दिवस सुनेशी बोलल्या नाहीत. मुलाशी बोलल्या, पण तेही सुनेला ऐकू जाईल असे. शनिवारी सकाळी मात्र रफूवालीने अंथरूण झटकायला घेतले तेव्हा केसपेपर उशीखाली नव्हता, उशीवर होता.

सुनावणी पहिलीच्या वर्गात होती, त्यामुळे हरकत घेणारे सर्व नागरिक गुडघे हनुवटीला लावून बसले होते. अध्यक्षांसाठी मोठी खुर्ची आणली होती. इमारतीतली सगळी मंडळी आली होती, पण हरकत घ्यायला नव्हे, ऐकायला. ज्याने त्याने आपापली वस्तू आठवून गप्प बसायचे ठरवले होते. रफूवालीचे नाव पुकारले तेव्हा ती उभी राहिली. वीस वर्षांत तिने एवढ्या लोकांसमोर काही उसवले नव्हते.

“पाहणीत मी सांगितलं की आम्ही दवाखान्यात जात नाही. ते खोटं होतं. माझ्या सासूबाई आठवड्यातून तीनदा जातात. हा केसपेपर.”

अध्यक्षांनी कागद उलटसुलट केला. “नोंदीप्रमाणे आपल्या घरात कोणीही आजारी नाही. मग ही रुग्ण कोण?”

“माझ्या सासूबाई.”

“तसं आपण आज म्हणता. तेव्हा दुसरं म्हणाला होतात. आपलं कोणतं म्हणणं खरं धरायचं? तेव्हाच्या म्हणण्यावर आपली सही आहे. आजच्या म्हणण्यावर नाही.”

मागच्या बाकावरून कोणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले, कारण दारात सासूबाई उभ्या होत्या. मुलाच्या खांद्यावर हात टाकून त्या एकशे साठाच्या जागी चारशे पावले चालून आल्या होत्या आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. त्या अध्यक्षांच्या टेबलापर्यंत गेल्या, पहिलीतल्या मुलाच्या खुर्चीत बसल्या आणि उजवा पाय उचलून त्यांनी टेबलावर, अहवालाच्या शेजारी ठेवला.

“सोड गं पट्टी,” त्या सुनेला म्हणाल्या.

“आई—”

“सोड. साहेबांना वाचता येत नाही वाटतं. बघू दे तरी.”

रफूवालीने पट्टीचे वेढे एकेक करून सोडले. वर्गात औषधाचा वास पसरला. अध्यक्षांनी पाहिले, मग खिडकीबाहेर पाहिले, मग लेखनिकाला सांगितले, “लिहा. एका व्यक्तीची गरज सिद्ध.”

“एका?” रफूवाली म्हणाली. “खोटं बोलले तेव्हा मी बेचाळीस हजार सहाशे अठरा घरं होते, साहेब. खरं बोलले तर एकच?”

“ती पाहणी होती, बाई. ही हरकत आहे,” अध्यक्ष समजुतीच्या स्वरात म्हणाले. “हरकत ज्याची त्याचीच असते. आणखी कोणाची आहे?”

वर्गातल्या सगळ्यांनी खाली पाहिले. काकू अर्धवट उठल्या, पण बाक पहिलीचा असल्याने त्यांचे गुडघे अडकले, आणि त्या सुटेपर्यंत अध्यक्षांनी सुनावणी संपवली होती.

पंधरवड्याच्या आतच आदेश आला, हेही एक आश्चर्यच. दवाखाना ठरल्याप्रमाणे बंद. डॉक्टर, औषधनिर्माता आणि वजनकाटा ‘समन्याया’खाली दुसरीकडे रवाना. तथापि एका रुग्णाची गरज सिद्ध झाली असल्याने मागची खोली, एक नर्स आणि आवश्यक औषधे त्या एका रुग्णासाठी सोमवार, बुधवार व शुक्रवार चालू राहतील. जखम पूर्ण भरल्याची नोंद होताच ही सुविधा आपोआप संपुष्टात येईल. खोट्या माहितीबद्दल शिक्षा म्हणून रफूवालीला कडक शब्दांत समज देण्यात आली होती; कडक शब्द मात्र पत्रात लिहायचे राहून गेले होते.

पहिल्या सोमवारी सासूबाई दवाखान्यात पोचल्या तेव्हा इमारतीतली मंडळी बंद दारासमोर उभी होती. आत जायचा अधिकार एकाच बाईला होता. काकूंना दम लागला होता. दुसऱ्या मजल्यावरची सून पोट सावरत, पायरीवर बसली होती. तिला सातवा महिना होता. सासूबाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली, आत गेल्या, पाय पुढे केला आणि ड्रेसिंग करून घेतले. मग म्हणाल्या, “नर्सताई, आज मला दम पण लागतोय.”

“तुम्हाला? कधीपासून?”

“जिना चढल्यापासून. आणि तो माझा दम बाहेर उभा आहे. आत बोलव त्याला.”

नर्सताईने त्यांच्याकडे पाहिले, मग दाराकडे, आणि केसपेपरवर खाली एक ओळ वाढवली. त्या महिन्याभरात सासूबाईंना दमा झाला, रक्तदाब झाला, पोस्टमास्तरांचा खोकला झाला, तळमजल्यावरच्या मुलाचे गोवराचे इंजेक्शन झाले, आणि वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, सातव्या महिन्याची तपासणी होऊन लोहाच्या गोळ्याही मिळाल्या. ‘आवश्यक औषधे’ म्हणजे कोणती हे आदेशात नव्हते, आणि वरच्या कार्यालयात केसपेपर वाचण्याची रीत नव्हती. तिथे ओळी मोजत, आणि एका रुग्णाने इतक्या ओळी भरल्या हे सेवेच्या उत्तम वापराचे लक्षण मानत.

अडचण एकच होती. पाय बरा होत होता.

हे सगळ्यांच्या लक्षात आले होते, आणि जिन्यात आता पायाचा विषय निघू लागला होता. काकू रोज सकाळी दार उघडून विचारत, “काय हो, भरली नाही ना अजून?” आणि लगेच ओशाळून, “म्हणजे, दुखत नाही ना फार?” असे पुढे जोडत.

नवव्या आठवड्यातल्या शुक्रवारी नर्सताईने पट्टी सोडली आणि दिवा जवळ ओढला. रफूवालीने वाकून पाहिले. जखमेच्या जागी नवी, पातळ, गुलाबी कातडी होती. कड कुठे होती आणि मधली जागा कुठे, हे तिला, सबंध शहरात जिच्याइतके बारीक काम कोणी करत नव्हते तिलाही, सांगता आले नसते. तिला रडू आले आणि ते लपवायला ती गॉजचा रोल गुंडाळू लागली.

“आता नोंद करावी लागेल,” नर्सताई हळूच म्हणाली. केसपेपरवर ‘जखमेची स्थिती’ असा रकाना होता.

सासूबाईंनी आपल्या पायाकडे पाहिले. दाराबाहेर कोणीतरी खोकले, आणि सातव्या महिन्याची सून, जिला आता नववा लागला होता, बाकावर सरकून बसली. सासूबाईंनी पाय पुन्हा पुढे केला.

“बांध पट्टी,” त्या म्हणाल्या. “जरा जाड बांध.”

नर्सताईने भरलेल्या पायाला स्वच्छ गॉज लावले, वर चार वेढे घेतले आणि रकान्यात लिहिले, ‘जैसे थे’.

बाहेर पडताना रफूवालीने सासूबाईंचा हात धरला आणि सवयीने भरभर चालू लागली. सासूबाईंनी तिला मागे ओढले.

“अगं, हळू,” त्या म्हणाल्या. “लंगडतेय ना मी.”